एका गावाचं शहाणपण दुसऱ्या गावात कसं जातं?

डोंगरउतारावर पाणी अडवायला चर खणायचे असतील, तर आधी समान पातळीची रेषा आखावी लागते. तिचं साधन अगदी साधं असतं. पुरुषभर उंचीचे दोन बांबू वरच्या टोकाला एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी बांधायची आणि शेंड्यावरून दोरीला दगड बांधून ओळंबा सोडायचा. दिसायला इंग्रजी ए अक्षरासारखं, म्हणून सगळेच त्याला ए-फ्रेम म्हणतात. एक पाय रोवायचा, दुसरा पाय पुढे मागे करत दोरी काठीवरच्या खुणेवर आणायची, तिथे खुंटी ठोकायची, पुढे सरकायचं. चित्र पाहून दहावीतलं पोरगंसुद्धा बनवील.

आणि तरीही निव्वळ चित्र पाहून बनवलेल्या ए-फ्रेमने आखलेले चर पहिल्या जोरदार पावसात फुटू शकतात. कारण बांबू कधी तंतोतंत सारखे नसतात आणि आडवी काठी बोटभर तिरकी बांधली जातेच. मग काठीचा बरोबर मध्य मोजून खूण केली, तरी ती खूण खोटी असते. दर पावलाला किंचित चूक, शंभर पावलांत ती साठत जाते, आणि पाणी चरात मुरण्याऐवजी एका टोकाकडे धावतं. चर खणला म्हणता म्हणता आपण ओहोळ खणलेला असतो.

ज्याचे हात या कामात मुरलेत तो माणूस सुरुवातीलाच एक छोटी गोष्ट करतो. दोन खुंट्यांवर फ्रेम उभी करतो, दोरी काठीला जिथे लागते तिथे कोळशाने रेघ मारतो. मग फ्रेम उलटी फिरवतो. डावा पाय उजव्या खुंटीवर, उजवा डावीवर. पुन्हा रेघ. या दोन रेघांच्या बरोबर मध्ये तिसरी रेघ, तीच खरी खूण. सगळं मिळून अर्धा मिनिट. पण याच माणसाला सभेत उभं करून ‘तुमच्या कामाविषयी सांगा’ म्हटलं, तर तो गावाची एकी, श्रमदान, विहिरीचं वाढलेलं पाणी सगळं सांगेल. फ्रेम उलटी करायची गोष्ट सांगणार नाही. त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं त्याला वाटतच नाही. ती बाहेर यायला शेजारी दुसरा कुणी असावा लागतो, ज्याने स्वतः चर खणलेत, ज्याचे फुटलेत, आणि जो विचारतो, ‘दादा, हे उलटं का केलंत?’

गावोगावचे कार्यकर्ते एकत्र का आणायचे, याचं माझ्या मते हे सगळ्यात नेमकं उत्तर आहे. प्रेरणा वगैरे मिळते, पण ती चार दिवसांत उतरते. करणाऱ्याला स्वतःलाही माहीत नसलेलं त्याचं ज्ञान दुसऱ्या करणाऱ्याच्या प्रश्नाने बाहेर येतं, हे खरं. त्यामुळे कुणाला बोलवायचं, कुठे बोलवायचं, कितीजण आणि किती दिवस, हे सगळे निर्णय एकाच कसोटीवर घासून पाहता येतात. असे प्रश्न पडतील का, आणि पडले तर विचारता येतील का?

आता आपला नेहमीचा मेळावा आठवा. जिल्ह्याच्या ठिकाणी हॉल, मागे फ्लेक्स, फ्लेक्सवर पाहुण्यांचे फोटो. दहाची वेळ, प्रमुख पाहुणे साडेअकराला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. प्रास्ताविकालाच पाऊण तास. मग ‘यशोगाथा’ सांगायला तीन गावांना प्रत्येकी दहा मिनिटं, त्यातली पहिली तीन मिनिटं व्यासपीठावरच्यांची नावं घेण्यात. जेवण. जेवणानंतर प्रोजेक्टर आणि अंधार, त्यामुळे मागच्या चार रांगा पेंगतात. चारला गटचर्चा, साडेचारला लांबच्या गावांची एसटी असते म्हणून ती गुंडाळायची. आभारप्रदर्शन मात्र कधी गुंडाळलं जात नाही.

या दिवसात काहीच घडत नाही असंही नाही. घडतं, पण जेवणाच्या रांगेत, किंवा हात धुताना नळावर. ‘तुमच्याकडे तलाठी सही देतो का?’ ‘रेशनचं अंगठ्याचं मशीन चालत नाही तेव्हा काय करता?’ असे प्रश्न नळावर विचारले जातात, कारण तिथे माइक नसतो. मेळावा नीट रचणं म्हणजे नळावरचा हा अर्धा तास ओढून दोन दिवसांचा करणं. हे गमतीत म्हणत नाही. ज्यांनी खरोखर असं केलं त्यांची दोन उदाहरणं सविस्तर सांगतो, एक मुंबईच्या फुटपाथवरचं, दुसरं गडचिरोलीच्या जंगलातलं.

भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांपासून सुरुवात करू. 1984 मध्ये स्पार्क ही संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं कोर्टाने म्हटलं, पण रीतसर नोटीस देऊन पालिका फुटपाथवरच्या झोपड्या हटवू शकते, हेही म्हटलं. म्हणजे पाडापाडी कधीही येऊ शकत होती. त्या काळात स्पार्कने फुटपाथवासीयांना बरोबर घेऊन त्यांच्याच वस्त्यांची मोजणी केली. किती कुटुंबं, कुठून आली, किती वर्षं झाली, काय काम करतात. ‘हे लोक कालपरवा आलेत’ या बोलण्याला पहिल्यांदा कागदावर उत्तर मिळालं. या बायकांची संघटना म्हणजे महिला मिलन. तिच्याबरोबर होता जॉकिन अर्पुथम यांचा झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ. जॉकिन स्वतः जनता कॉलनीतले. ती अख्खी वस्ती 1976 मध्ये उठवून चीता कॅम्पला नेली गेली होती.

महिला मिलनची बचत बघण्यासारखी होती. रोज एक बाई दारोदार, म्हणजे ताडपत्री ते ताडपत्री, फिरून रुपया-दोन रुपये गोळा करायची. बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हतं. मग पासबुकाऐवजी प्रत्येकीची एक प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीत रंगीत कागदाचे तुकडे. एकेका रंगाची एकेक किंमत ठरलेली. पिशवी उघडली की आपले किती जमले हे प्रत्येकीला आपल्या डोळ्यांनी दिसायचं. अडीनडीला लगेच कर्ज मिळायचं, पण मला यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं. रोज दारात जाणाऱ्या बाईला कुणाचं पोर आजारी आहे, कुणाच्या नवऱ्याचं काम सुटलंय, हे रोज कळायचं. पैशाच्या निमित्ताने रोज वस्तीची खबर घेतली जात होती.

घराचंही तसंच. घर मागायचं तर कसलं मागायचं? बायकांनी लाकूड आणि कापड वापरून खऱ्या मापाचं घर उभं केलं, आत शिरून पाहता येईल असं. नकाशा वाचता येत नसला तरी आत उभं राहिलं की चूल कुठे, मोरी कुठे, पोरं कुठे झोपतील हे लगेच उमगतं. त्यातूनच 14 फूट उंचीची मागणी आली. जागा वाढत नसेल तर उंची द्या, पोटमाळा आम्ही काढतो. असली घरं आणि पुढे सार्वजनिक संडासांचे नमुनेही त्यांनी उघड्यावर मांडले. लोकांना बोलवायचं, दाखवायचं, नावं ठेवू द्यायची. संडास मेळावा हे नाव ऐकून हसू येतं खरं, पण त्या हसण्याचा उपयोगच होता. ज्या विषयावर बाई चारचौघांत तोंड उघडत नाही, त्यावर ती हसत हसत बोलायला लागली. पोरांसाठी वेगळे, लहान भांड्याचे, धरायला दांडी असलेले संडास; बायकांची रांग वेगळी, म्हणजे पुरुष मध्ये घुसणार नाहीत. हे तपशील या बायकांच्या अनुभवातून आले.

1991 च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत ब्रूडरस्ट्रूम इथे तिथल्या झोपडवस्त्यांतल्या म्होरक्यांची परिषद झाली. मंडेला सुटून वर्ष झालेलं, राज्य आता आपलं येणार ही हवा. जॉकिन तिथे गेले आणि त्यांनी भारताचा अनुभव मांडला, की राज्य आपलं झालं म्हणून गरिबाला घर आपोआप मिळत नाही. ते ऐकायला जड गेलं असणार. पण त्यानंतर येणंजाणं सुरू झालं. तिकडच्या बायका मुंबईत आल्या, महिला मिलनच्या बायकांबरोबर फुटपाथवर हिंडल्या, रोजची बचत कशी गोळा होते ते पाहिलं. इकडच्या बायका तिकडे गेल्या. मोजणी कशी करायची, घर कापडात कसं उभं करायचं, हे फुटपाथवरच्या बाईने पत्र्याच्या झोपडीतल्या बाईला दाखवलं. भाषेची अडचण होतीच, पण हिशोब आणि घर हे दोन्ही विषय हातांनी दाखवता येतात. 1994 मध्ये तिकडे बचत गटांचा महासंघ उभा राहिला. 1996 मध्ये अनेक देशांतल्या अशा संघटनांचं एक जाळं तयार झालं, आणि या येण्याजाण्यालाच त्यांनी आपली मुख्य पद्धत मानलं.

यातली बारीक गोष्ट अशी की दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांनी मुंबईचं घर नेलं नाही. केपटाऊनच्या बायकांनी व्हिक्टोरिया म्क्सेंगे नावाच्या वस्तीत बांधलेली घरं सरकारी घरांहून प्रशस्त होती. तिकडे जमीन होती, पोटमाळ्याची गरज नव्हती. त्यांनी नेली ती रोजची बचत आणि आधी कापडात घर उभारून भांडून घ्यायची रीत. आपल्याकडे ‘मॉडेल’ हा शब्द फार सैल वापरला जातो. ‘अमुक मॉडेल राज्यभर राबवणार’ अशी घोषणा ऐकली की मला या पोटमाळ्याची आठवण येते. पोटमाळा राज्यभर गेला असता, तो का लागला हा प्रश्न मात्र भायखळ्यातच राहिला असता.

आणि यजमानांना काय मिळालं? परदेशातून पाहुणे येतात, त्यांच्याबरोबर कधी तिथले अधिकारी येतात, आणि ते फुटपाथवरच्या बाईला शिकवायला सांगतात, हे इथल्या पालिकेच्या अधिकाऱ्यालाही दिसत होतं. जिला काल ‘ए बाई, बाजूला हो’ म्हटलं, तिला आज खुर्ची द्यावी लागते. शिवाय रोज करत असलेलं काम दुसऱ्याला समजावताना ते आपल्यालाच पहिल्यांदा नीट कळतं. घरं मिळायला या कुटुंबांना वीसेक वर्षं थांबावं लागलं, ती मानखुर्दला मिळाली, आणि सगळ्यांना मिळाली असंही नाही. पाहुणे आल्याने पाडापाडी थांबत नाही. पण पाहुण्यांना समजावून समजावून ज्या बायका तयार झाल्या, त्यांनीच पुढे कोर्ट, पालिका, रेल्वे या सगळ्यांशी बोलणी केली.

आता गडचिरोली. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा), शंभराच्या आसपास घरांचं गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा आता सगळ्यांना पाठ आहे. गावातले देवाजी तोफा आणि चंद्रपूरच्या वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल, या जोडीचं नावही. घोषणेपेक्षा मला तिथली एक व्यवस्था फार उपयोगी वाटते, आणि तिच्याकडे पाहुण्यांचं लक्ष कमी जातं. ती म्हणजे अभ्यास गट.

मेंढ्यात ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा, बहुमताने दाबायचा नाही. पण निर्णय घ्यायच्या आधी विषय समजायला हवा, त्यासाठी अभ्यास गट वेगळा. त्यात ज्याला रस असेल तो बसतो, बाहेरचा जाणकारही बसतो, वाटेल ते प्रश्न विचारता येतात. आणि तिथे निर्णय होत नाही. हा नियम ऐकायला किरकोळ वाटतो, पण ज्याने ग्रामसभा पाहिल्यात त्याला त्याची किंमत कळेल. निर्णय होणार असला की माणूस आधी बाजू घेतो आणि मग बोलतो. प्रश्न विचारला तर ‘हा त्या पार्टीचा’ असं होतं. निर्णय होणारच नाही हे माहीत असलं की न कळलेलं विचारायला लाज वाटत नाही. मधमाश्या न मारता मध काढायची पद्धत अशा अभ्यासातून आली. वनहक्क कायद्याचं वाचनही असंच झालं.

2006 चा वनहक्क कायदा 2008 पासून लागू झाला आणि 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्काचा दावा मंजूर होऊन मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या दाव्यांपैकी तो होता. हक्क मिळाला तरी बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात, वनखात्याच्याच हातात. त्यावर दोन वर्षं गेली. 27 एप्रिल 2011 रोजी त्या वेळचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आलं.

त्यानंतर आजूबाजूची गावं मेंढ्याला येणार हे उघडच होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचं उदाहरण मला इथे महत्त्वाचं वाटतं. त्यांनाही 2012 मध्ये हजारेक हेक्टर जंगलाचा हक्क मिळाला, त्यांनीही बांबूचा धंदा ग्रामसभेमार्फत केला. पण तेंदूपत्त्याच्या बाबतीत त्यांनी वेगळंच ठरवलं. विदर्भातल्या कितीतरी ग्रामसभांचं मोठं उत्पन्न तेंदूचं. कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली, त्यामागे ठेकेदारांशी एकत्र बोलता यावं हेही एक कारण होतं. पाचगावने मात्र तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं. चांगला पत्ता यावा म्हणून फांद्या छाटतात, जंगलात आग लावतात, आणि टेंभुरणीची, म्हणजे तेंदूच्याच झाडाची, फळं खायला उरत नाहीत, हा त्यांचा हिशोब.

एकाच कायद्याखाली मिळालेल्या हक्कातून एकाने तेंदूचा लिलाव केला आणि दुसऱ्याने तेंदू सोडला. दोन्ही बरोबर असू शकतं, कारण दोन्ही ठिकाणी गावाने बसून ठरवलं. मेळाव्यात ‘सर्व गावांनी असा ठराव करावा’ असा ठराव आला की मला धास्ती वाटते ती याचसाठी. शिकणं एकत्र व्हावं, ठरवणं आपापल्या गावात.

मोठ्या पातळीवरही हीच रीत वापरली गेली आहे. 2004 च्या जानेवारीत गोरेगावच्या नेस्को मैदानावर जागतिक सामाजिक मंच, म्हणजे जगभरच्या जनसंघटनांचा मेळावा, भरला, ब्राझीलबाहेर पहिल्यांदाच. पाऊण लाखाहून जास्त माणसं, शेकडो मंडप. मंचाचा नियम असा की मंचाच्या नावाने कुठलाही ठराव करायचा नाही. पण एवढ्या गर्दीत ए-फ्रेम उलटी करायची गोष्ट कुणी कुणाला सांगू शकत नाही. तिथे आपण एकटे नाही हे कळतं, गाणी ऐकू येतात, पत्ते मिळतात. पत्ते मिळणं लहान गोष्ट नाही, पण काम शिकायला दुसरी बैठक लागते.

ती बैठक कशी असावी याचा एक जुना नमुना जामखेडला आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बायकांना, ज्यांतल्या बऱ्याच निरक्षर आणि कितीतरी दलित होत्या, आरोग्य कार्यकर्ती म्हणून तयार केलं. या बायका नेमाने जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, एकत्र जेवायच्या. ते एकत्र जेवण हाच अवघड धडा होता; हगवणीवर मीठ-साखरेचं पाणी शिकणं त्यामानाने सोपं. आणि बाळंतपणात काय अडचण आली हे एकीने सांगितलं की दुसरी आपल्या गावातलं सांगायची, डॉक्टर मग बोलायचे. पुढे देशोदेशीची माणसं जामखेडला शिकायला आली, तेव्हा शिकवायला याच बायका उभ्या राहिल्या.

सरकारी योजनेतही हे जमू शकतं. बचत गटांच्या उमेद अभियानात वर्धिनी असतात. जिने स्वतः गट चालवला, कर्ज घेतलं आणि फेडलं, अशी बाई दुसऱ्या भागातल्या गावात जाऊन मुक्काम करते आणि तिथल्या बायकांचा गट बांधते. आधी आंध्रात रुळलेली ही रीत. नियमित बैठक, बचत, आपसांत कर्ज, परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री कुठल्याही अधिकाऱ्याला सांगता येते. पण ‘नवऱ्याने पैसे मागितले तर काय करायचं’ याचं उत्तर अधिकारी देऊ शकत नाही. वर्धिनी देते, कारण तिच्याही नवऱ्याने मागितले होते.

तुम्हाला स्वतःला असं काही जुळवायचं असेल तर काही कामाच्या गोष्टी. क्रम महत्त्वाचा नाही, जसं सुचतं तसं सांगतो.

माणसं पंचवीस-तीसच्या वर नकोत. एका सतरंजीवर गोल बसता आलं पाहिजे आणि माइकशिवाय ऐकू आलं पाहिजे. एका गावातून एकटा माणूस बोलवू नका, निदान दोघं, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष. एकटा परत जाऊन काही सांगायला लागला की गाव म्हणतं, ‘आलाय शहाणा होऊन.’ दोघं असले की साक्षीदार असतो, आणि परतीच्या एसटीत तीन तास दोघं त्याच विषयावर बोलतात. ही एसटीतली चर्चा कार्यक्रमपत्रिकेत नसते, पण तिच्यासाठीच दोन माणसांचं तिकीट काढायचं. सरपंच आलाच पाहिजे असा आग्रह नको. जो रजिस्टर लिहितो, पंप चालू करतो, पोषण आहार शिजवतो, तो यावा.

जागा म्हणजे काम जिथे झालं ते गाव. आधी शिवारफेरी, बोलणं नंतर. आणि रात्रीचा मुक्काम सोडू नका. दिवसा गाव पाहुण्यांना यश दाखवतं. रात्री जेवणं झाल्यावर, समाजमंदिरात अंथरुणं पडल्यावर, कुणीतरी सांगतं की तो खालचा बंधारा दोनदा वाहून गेला, किंवा दारूबंदी केली पण दोन घरांत अजून चालते, किंवा कामात अमक्या वस्तीला घेतलंच नव्हतं. फसलेल्याची ही गोष्ट मागितल्याशिवाय मिळत नाही आणि सगळ्यांसमोर मागून चालत नाही. पाहुण्यांनी आधी आपली फसलेली सांगावी, म्हणजे यजमानाची जीभ सुटते. त्या वेळी देणगीदार संस्थेचा माणूस खोलीत नसेल तर बरं. त्याला राग येत असेल तर त्याला दुपारच्या जेवणाला बोलवा.

भाषेचा विचार आपण मराठी माणसं फार कमी करतो. गोंडी, माडिया, कोरकू, भिली बोलणाऱ्यांना मराठी येते म्हणून बैठक मराठीत. येते, पण बाजारापुरती. घरातलं आणि जंगलातलं सांगायला स्वतःची भाषा लागते. बायका गप्प बसल्या की ‘आमच्या बायका लाजतात’ असं म्हटलं जातं. त्यांना त्यांच्या बोलीत बोलू द्या आणि तोडकंमोडकं का होईना मराठी दुसऱ्या कुणाला करू द्या, मग लाजतात का ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मेमध्ये तेंदू, जूनमध्ये पेरणी, या काळात आदिवासी भागात शिबिर ठेवलं तर येणारे तेच असतील ज्यांना रानात जावं लागत नाही. आणि आर्थिक वर्ष संपायच्या आत निधी खर्च व्हावा म्हणून शिबिरं नेमकी मार्चमध्येच पडतात.

मजुरी बुडते ती द्या. प्रवासखर्च देऊन सही घेतली की आपलं काम झालं असं संस्थांना वाटतं, पण रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला दोन दिवसांचं शिबिर म्हणजे दोन दिवसांची चूल. ती नाही आली तर येते ती, जिला परवडतं. मग तुमच्या मेळाव्यात बोलणाऱ्या सगळ्या बायका बऱ्या घरच्याच का असतात, याचं कोडं पडायला नको. लहान पोरं येणार हे धरून चाला. न्हाणीघराला दार आणि आतून कडी आहे का, हे आदल्या दिवशी जाऊन पाहा.

एक गोष्ट यजमान गावांच्या बाजूने. पाणलोटाचं किंवा जंगलाचं काम गाजलं की त्या गावात बसगाड्या यायला लागतात. हिवरे बाजारसारख्या गावांनी शिकवणं हाच नेटका कार्यक्रम करून घेतला, म्हणून ते निभावतात. 2016 मध्ये तीन तालुक्यांपासून पाणी फाउंडेशनची गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा सुरू झाली, तिच्यातही गावोगावचे लोक काम झालेल्या गावांत मुक्कामी जाऊन शिकले. पण सगळ्या गावांना हे झेपत नाही. तोच माणूस, तेच भाषण, दिवसातून तीनदा. पाहुणे चहा पितात, फोटो काढतात, ‘आमच्याकडे एकीच नाही हो’ असं म्हणत निघून जातात. अशा फेरीतून यजमानाला कुणी नवीन प्रश्न विचारत नाही, आणि हळूहळू तो स्वतःच्या गोष्टीतली खडबडीत टोकं घासून टाकतो. पाचव्या वर्षी ऐकायला मिळते ती गुळगुळीत गोष्ट, जिच्यात बंधारा कधी वाहून गेलेलाच नसतो.

यावर उपाय म्हणजे परतभेट. पाहुणा शिकून गेला, त्याने आपल्या गावात काम सुरू केलं, तर चार-सहा महिन्यांनी यजमान गावातल्या दोघांनी तिकडे जायचं. भाषण द्यायला नाही, चर बघायला. तिथली माती वेगळी असते, उतार वेगळा असतो, पाहुण्याने काहीतरी बदल केलेला असतो, आणि आता उलटं का केलंत हे विचारायची पाळी यजमानाची असते. बहुतेक दौरे फुकट जातात ते या परतभेटीच्या अभावी, कारण तिचा खर्च कुणी धरलेला नसतो. अंदाजपत्रक लिहायला बसलात की मंडप आणि फ्लेक्सच्या आधी पहिली ओळ तिची लिहा. मागून उरलेल्या पैशांत ती कधीच बसत नाही.